कामून

आठवी 'ब'च्या भिंतीला नकाशा टांगला
तर वरचा खिळा निघाला,
ब्रह्मदेश एका कोपऱ्यावर लोंबायला लागला.
मागच्या बाकावरून मेहराज शेख, हात वर न करताच:
"सर, ह्ये समदं इंग्रजाचंच व्हतं ना?
मग लंका येगळी कामून? बर्मा येगळा कामून?
आन् आपली येडशी येगळी कामून न्हाई?"
वर्ग हसला.
मला हसू आलं नाही.
तेवीस वर्षं भूगोल शिकवतोय,
पुस्तकात 'कोठे' आहे, 'किती' आहे,
'कामून' नाही.

म्हणालो, मध्ये समुद्र आहे.
म्हणाली, अंदमानलाबी हाय.
म्हणालो, आराकानचे डोंगर.
म्हणाली, डोंगर तर आपला बालाघाटबी हाय,
त्याच्यावरून रोज येष्टी जाती.
भाषा म्हणायला तोंड उघडलं
आणि माझं मीच मिटलं.
ह्या वर्गाला तीन भाषांत शिव्या येतात.

मग पुस्तक बाजूला ठेवलं.
सांगितलं: बार्शीकडं निघालं की ओढ्याजवळ एक नाका होता.
करोडगिरीचा.
अल्याड निजाम, पल्याड इंग्रज,
अल्याड हाली, पल्याड कलदार.
माझी चुलत आजी कोंडाबाई
बाजाराला एक लुगडं नेसून जायची,
येताना तीन नेसून यायची.
नाकेदार दस्तगीर तिला वरपासून खालपर्यंत बघायचा,
"मावशे, बार्शीचं पाणी लई मानवतंय तुला,"
आणि एक आणा घेऊन
तिला तिच्याच घराकडं सोडायचा.

तेव्हा तो देशच होता, पोरांनो.
त्याचं नाणं होतं, त्याचं तिकीट, त्याचा तुरुंग.
हद्दीच्या दगडावर एका अंगाला उर्दू, दुसऱ्याला इंग्रजी;
मधल्या भेगेत पाल राहायची,
तिचं दोन्हीवाचून अडत नव्हतं.

मग एका सप्टेंबरात नळदुर्गाकडून रणगाडे आले.
चार-पाच दिवसांत संपलं.
नाक्याचा आडवा बांबू कुणी तरी उचलून नेला
आणि शेळ्यांच्या वाड्याला लावला.
दस्तगीरचं काय झालं
ते मी वर्गात सांगितलं नाही.
त्याचा थोरला कराचीला पोचला,
धाकटा स्टँडवर पंक्चर काढायचा, एवढंच सांगितलं.
बाप एकच,
पण एकाला दुसऱ्याच्या मौतीला जायला व्हिसा लागला,
आणि तो मिळेपर्यंत चाळिसावाही उरकला.

आठ वर्षांनी हैदराबादचेही तीन वाटे झाले.
आत्या भालकीला दिलेली;
रात्री निजली ती निजामाच्या जुन्या मुलखात,
सकाळी चूल पेटवली ती म्हैसुरात.
पण पंचमीला तिला आणायला
बाबा नुसती पिशवी घेऊन गेले.

"मंग कामून?" मेहराज.
पोरगी वळू देत नव्हती.

म्हणालो, लंकेचे कागद लंडनात दुसऱ्याच कचेरीत जायचे.
बर्म्याची फाइल सदतीस साली दुसऱ्या कपाटात गेली.
कपाटाला कुलूप आलं, कुलपाला राखणदार,
राखणदाराला पगार, मग वर्दी,
वर्दीला सलाम ठोकायला एक झेंडा.
आणि तिथल्या माणसांनाही आपलं वेगळं घर हवं होतं,
हेही खरं. मनापासून हवं होतं.
कशाचं वजन किती, मला सांगता येत नाही.

"म्हंजी कपाटामुळं?"
"थोडं कपाटामुळं."
घंटा झाली.
जाता जाता तिनं चपलेनं ठोकून खिळा बसवला,
जरा तिरका. ब्रह्मदेश आसामला चिकटला.

सहामाहीत प्रश्न होता: सीमा म्हणजे काय?
तिनं लिहिलं,
'जिथं दस्तगीर आणा मागतो
आणि मावशीला पुन्हा घरी येता येतं, ती राज्याची.
येता येत न्हाई, ती देशाची.'
दोनपैकी दीड दिले.
अर्धा कापला.
खरं तर तो माझा कापायला हवा होता.